आधी फोन की आधी पुस्तक? संत्र्याच्या बागेत केलेली निवड

नवीन काही शिकायला घेतलं की पहिला हात कुठे जावा, फोनकडे की पुस्तकाकडे? नागपुरात हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. काहींनी काटोल-नरखेडकडचं वडिलोपार्जित वावर आता स्वतः बघायला घेतलंय, माझ्यासारखंच. काहींची मुलं बारावीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत आहेत. वरवर दोघांचं काहीच जुळत नाही, पण अडतात एकाच ठिकाणी: इंटरनेटवर शोधून शिकावं, की पुस्तक आणि वही घेऊन बसावं? मी दोन्ही करून पाहिलंय आणि एक बाजू धरलीय. पुढे जे लिहितो तो एका माणसाचा अनुभव आहे, तेवढ्याच वजनाने घ्यावा.

कळमन्याच्या बाजारात आज संत्र्याचा काय भाव फुटला, उद्या पाऊस आहे का, अमुक औषध बर्डीवर कुठे मिळेल, असल्या गोष्टींत तुलनाच नाही. फोन काढायचा आणि मोकळं व्हायचं. प्रश्न शिकण्याचा आहे. म्हणजे एखादी गोष्ट समजणं, ती अंगात मुरणं, आणि उद्या वेगळीच अडचण आली की जुन्या समजुतीवरून स्वतः विचार करता येणं.

आधी शोधयंत्राची बाजू मांडतो, कारण ती खरोखर मोठी आहे आणि पुस्तकवाले लोक ती घाईत उरकतात.

माझ्याकडे वडिलांचं संत्रा लागवडीवरचं जुनं पुस्तक आहे. मजकूर उत्तम, पण किडींच्या प्रकरणात जागोजागी ‘एंडोसल्फान फवारावे’ असं छापलंय. सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये या औषधावर देशभर बंदी घातली. पुस्तकाला हे कळायला मार्ग नाही. छापखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशी त्याचं ज्ञान थांबलं. कोणतं औषध चालतं, कोणतं बंद झालं, फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस सोडायचे, हे आजचंच कळायला हवं आणि ते फोनवर मिळतं. या बाबतीत जुन्या पुस्तकावर विसंबणं धोक्याचं आहे. मी पुस्तकाच्या बाजूचा असलो तरी याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरं म्हणजे पोच. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं ज्ञानकोश मंडळ आधी नागपुरात उभं राहिलं आणि नंतर काम पुण्याला गेलं. मराठीत 23 खंडांचा कोश झाला. पण ते सगळे खंड एका जागी बघायचे तर एखादं मोठं ग्रंथालय गाठावं लागायचं, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलाला ते जमणं कठीणच. आज केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यातले शब्द शोधताही येतात. शिवाय आता फोनला मराठीत तोंडी विचारता येतं. आमच्या सालदाराला टाइप करणं जमत नाही, पण तो फोन तोंडाशी धरून हवामान विचारतो आणि ऐकतो. ज्यांना ग्रंथालयाची पायरी कधी चढता आली नाही, त्यांच्यासाठी हे फार मोठं दार उघडलंय.

आणि तिसरं, ज्याचं नाव माहीत नाही ते शोधणं. पानावर काहीतरी चिकटलेलं दिसतं. पुस्तकाच्या सूचीत नावाशिवाय शिरता येत नाही. फोटो काढून शोधलं की निदान नावाचा अंदाज येतो, आणि नाव हाती आलं की पुढे पुस्तकही उघडता येतं. फोटोवरचं ओळखणं दरवेळी बरोबर असतंच असं नाही, पण सुरुवात करून देतं.

इतकं सगळं देणं असताना मी दुसऱ्या बाजूला का गेलो?

लोक साधारणपणे स्मरणशक्तीचं कारण पुढे करतात. 2011मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. टाइप केलेली माहिती संगणकात जपून राहणार आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांना ती कमी आठवली. पुसली जाणार असं वाटणाऱ्यांना जास्त. शिवाय काय लिहिलं होतं यापेक्षा ते कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलं, हे लोकांना बरं आठवलं. त्याचा खूप गाजावाजा झाला. पण 2018मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा पहिल्यासारखा निकाल आला नाही. त्यामुळे ‘इंटरनेटने आपली स्मरणशक्ती खाल्ली’ असं छातीठोकपणे म्हणू नये. मला तर काही गोष्टी विसरण्यात तोटाही दिसत नाही. झाडाच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी, हे प्रमाण माझ्या डोक्यात राहिलं काय किंवा फोनमध्ये राहिलं काय, झाडाला सारखंच.

मला जास्त पटतो तो 2015चा एक अभ्यास. येल विद्यापीठातले मॅथ्यू फिशर, मॅरिएल गोडू आणि फ्रँक काइल यांनी काही जणांना ‘कपड्याची चेन कशी चालते’ अशा धाटणीच्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधायला लावली. बाकीच्यांना शोधू दिलं नाही. नंतर सगळ्यांना भलत्याच विषयांबद्दल विचारलं, की हे तुम्ही किती नीट समजावून सांगू शकाल? शोधून आलेल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले, आणि तेही जे विषय त्यांनी शोधलेच नव्हते त्यांत. म्हणजे हाताशी असलेलं ज्ञान आपल्याच डोक्यातलं आहे असा भास होतो. आमच्याकडे संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे रोज दिसतं. लिंक पाठवणारा माणूस विषय समजल्याच्या खात्रीने बोलतो. फोन बाजूला ठेवून ‘असं का होतं?’ म्हणून विचारलं की दोन वाक्यांनंतर गाडी अडते.

तरीही माझी निवड या अभ्यासांनी ठरली नाही. ती ठरली एका बारीकशा वैतागाने, जो मी बरीच वर्षं वैताग म्हणून ओळखलाच नव्हता.

शोधपेटीत मी ‘आंबिया बहार फळगळ’ एवढं लिहितो. आंबिया म्हणजे संत्र्याचा जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार. पुढचा शब्द लिहायच्या आत खाली ओळी लटकतात: उपाय, औषध, फवारणी. बाकीच्या लोकांनी जे शोधलं त्यावरून त्या येतात, म्हणून त्यात कुणाचा काही डाव आहे असं मी म्हणत नाही. पण बोट सहज त्यातल्या एकीवर पडतं. मला विचारायचं होतं ‘का गळतं?’ आणि विचारलं गेलं ‘काय फवारू?’. प्रश्न बदलला आणि तो मी बदलला नव्हता. पुढे जी पानं उघडतात ती त्या बदललेल्या प्रश्नाची उत्तरं असतात: संजीवक घ्या, सोबत बुरशीनाशक घ्या, सूक्ष्म अन्नद्रव्यं टाका, सगळं एकाच टाकीत. आता तर सर्वांत वर एआयने तयार केलेला गोषवारा येतो. तोही व्यवस्थित मुद्द्यांत हेच सांगतो, आणि तो वाचून झाला की खाली जायची गरजच वाटत नाही.

हा वैताग किती महागाचा आहे ते एका फळावरून सांगतो. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आंबियाच्या झाडाखाली संत्री पडलेली दिसतात. लांबून सगळी सारखी. हातात घेतली की वेगळी. एखाद्या फळाचा देठाकडचा भाग काळपट, बाकी साल धड. एखाद्यावर कुठेच काही नाही, नुसतंच सुटून आलेलं. आणि एखाद्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. ते दाबलं की रसाचा थेंब वर येतो, भोवतालची साल मऊ आणि तपकिरी पडलेली, नाकाशी धरलं तर आंबूस वास. तीन फळं, तीन कारणं. ‘फळगळ उपाय’ या शोधात ही तिन्ही एकाच पोत्यात भरली जातात.

भोक पडलेलं फळ म्हणजे रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. तो अंधार पडल्यावर येतो, सोंड खुपसतो, रस पितो आणि उडून जातो. पुढची नासाडी त्या भोकातून शिरणारी बुरशी करते. दिवसा बागेत फिरणाऱ्याला तो दिसतच नाही. किडींवरच्या पुस्तकात याच्यावर पुरतं एक प्रकरण आहे, अंड्यापासून पतंगापर्यंत. त्यात एक ओळ अशी, की याच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत. त्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींच्या पानांवर जगतात. मी कुठलंही औषध शोधत नव्हतो, नुसतं प्रकरण वाचत होतो, म्हणून ती ओळ डोळ्यांखालून गेली. सालदाराला म्हटलं तर तो म्हणाला, “भाऊ, धुऱ्यावर पाहा न, कुपाटीले गुळवेल लपेटून हाय.” शेताच्या बांधावरच्या कुंपणाला खरंच होती. औषधी म्हणून कुणी ती तोडत नव्हतं. पानं उलटून पाहिली तर मखमली काळपट अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, पुढचं अंग वाकवून बसलेली.

मग धुऱ्यावरची वेल काढली, पडलेली फळं रोज वेचून पुरायला लागलो, संध्याकाळी बागेत धूर करायला लागलो. फळगळ बंद झाली असं म्हणणार नाही. शेजारच्या धुऱ्यावर वेली आहेतच, पतंग उडत येतो. पण भोकाची फळं कमी वाटली, आणि उरलेल्या दोन प्रकारच्या फळांकडे वेगळं लक्ष देता आलं.

यावर कुणी म्हणेल, ही माहिती इंटरनेटवर नाही का? आहे. ‘पतंग गुळवेल संत्रा’ एवढे तीन शब्द लिहिले की लगेच समोर येते. पण ते शब्द लिहायला गुळवेल आधी डोक्यात यावी लागते, आणि ती डोक्यात आली की अर्धं काम झालेलं असतं. शोधयंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि फार चांगलं देतं. आपल्याला न सुचलेला प्रश्न ते सुचवत नाही. सुचवलाच तर सगळ्यांनी विचारलेला सुचवतं. पुस्तकाच्या लेखकाने मात्र तो विषय आयुष्यभर पाहिलेला असतो आणि पुढे काय विचारायला हवं हे त्याने पानांच्या क्रमातच मांडून ठेवलेलं असतं.

डिंक्या या रोगाचंही तसंच. खोडातून डिंक ओघळतो, साल कुजते, झाड हळूहळू बसतं. फोनवर याची तीन वेगवेगळी उत्तरं मी वेगवेगळ्या वेळी वाचली होती: पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा, पाणी द्यायला दुहेरी आळं करा, कलम घेताना डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेली संत्र्याची कळी, जमिनीपासून उंच बांधलेला बघा. तिन्ही सल्ले बरोबर, तिन्ही पाळत होतो, आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध मला माहीत नव्हता. पुस्तकात रोगाचं मूळ आधी येतं. ही बुरशी मातीत राहते, ओलीत पसरते, आणि संत्र्याची साल तिला जंबेरीच्या खुंटापेक्षा, म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर कलम बांधतात त्यापेक्षा, लवकर बळी पडते. एवढं कळलं की तिन्ही सल्ले एकाच वाक्यातून निघतात: संत्र्याच्या सालीला ओली माती लागू द्यायची नाही. मग चौथी गोष्ट कुणी न सांगता सुचते, की डवरणी करताना खोडाशी मातीचा ढीग चढू द्यायचा नाही. मी ‘विचार’ म्हणतो तो एवढाच, आणि तुकड्यातुकड्याने शोधून माझ्या बाबतीत तरी तो झाला नाही.

यात शोधयंत्र बनवणाऱ्यांचा दोष काढायचा नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998मध्ये गुगल सुरू केलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि ज्याच्याकडे महत्त्वाची पानं बोट दाखवतात ते आणखी महत्त्वाचं. अफाट पसाऱ्यातून कामाचं पान वर आणायला ही युक्ती फारच उपयोगी ठरली, नंतर तिच्यात कितीतरी भर पडली. पण कोणतं आधी शिकावं आणि कोणतं नंतर, हे त्या मोजणीत येत नाही. आणि जे पुष्कळांनी लिहिलंय ते खरं असेलच, हेही येत नाही.

आपल्या नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबाचंच बघा. फोनवर शोधलं की पानामागून पान सांगतं की हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदीलाही भारताचा मध्य म्हणून दाखवतात. झिरो माईलला प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलं तर चार घोडे, दगडी खांब, चांदा, हैदराबाद, जबलपूर अशा ठिकाणांची अंतरं, आणि 1907ची सर्वेक्षण खात्याची खूण आहे, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट उंचीची. उंची मोजण्याची खूण आणि देशाचा मध्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुस्तकांतही चुका असतात, हा दावा छापील पुस्तकांतही सापडेल. फरक इतकाच की पुस्तकात चूक दिसली तर ती कुणाची हे कळतं. दहा पानांवर तेच वाक्य दिसलं की दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं.

आता अभ्यासिकेतल्या मुलांबद्दल, कारण त्यांच्या आईवडिलांना उत्तर हवं असतं. माझी पुतणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करते. ती प्रश्न सोडवायला घेते, अडते, आणि फोन उचलते. अडल्यापासून उत्तर दिसेपर्यंत अर्धा मिनिटही जात नाही. माझं तिला एकच सांगणं आहे की ते अर्धं मिनिट वाढव. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत ते मागे पडतात. पुढे जातात ते, ज्यांनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला होता. आठवायला लागणारे कष्ट हाच शिकण्याचा भाग आहे, आणि फोन नेमके तेच कष्ट वाचवतो. पुस्तक समोर उघडं ठेवलं तरी ते वाचतातच, हे मान्य. पण पान शोधायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात कधी कधी आपलं आपल्याला आठवतं.

म्हणून पुतणीला मी फोन बंद करायला सांगत नाही. कोऱ्या पानावर आधी स्वतःचं उत्तर लिही, अर्धवट असलं तरी चालेल, मग शोध, आणि दोन्हींत काय फरक पडला ते लाल शाईने लिही. तिला हे सध्या जाचाचं वाटतं. परीक्षा दोन आठवड्यांवर आली की ती हे सोडेल आणि तेव्हा सोडावंही. तेवढ्या वेळात उजळणीला फोनच बरा.

बागेसाठी माझा क्रम आता ठरून गेलाय. आधी झाडाजवळ जाऊन बघणं आणि वहीत प्रश्न लिहिणं, शक्यतो ‘का’ने सुरू होणारा. मग पुस्तक. मग सालदार किंवा शेजारचा जुना बागायतदार, कारण धुऱ्यावर काय आहे ते त्यांनाच माहीत असतं. फोन शेवटी, औषधाचं नाव, बंदी आणि प्रमाण तपासायला. कीड डोळ्यांदेखत पसरत असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, तेव्हा हट्ट धरत नाही. पुस्तक शिळं होण्याची अडचण मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी संवादिनी घेऊन थोडीफार भागवतो, कारण ती वर्षाची वर्षाला निघते. आणि अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात आहे. तिथले शास्त्रज्ञ विचारलेल्या प्रश्नाला उलटा प्रश्न विचारतात, जमीन कशी, पाणी किती, खुंट कोणता. बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण किती दिवस द्यायचा याचं एक आकड्याचं उत्तर फोनवर मिळेल, पण भारी काळ्या जमिनीला आणि मुरमाड जमिनीला ते एकच कसं चालेल?

तुमचं वावर नवीन असेल आणि यंदाच कलमं लावायची असतील, तर डिंक्याचं प्रकरण लागवडीच्या आधी वाचा. डिंक दिसल्याशिवाय हा शब्द कुणी शोधपेटीत लिहीत नाही, आणि तोवर डोळा कोणत्या उंचीवर बांधलाय हे बदलता येत नाही. रोपवाटिकेत जाताना मोजपट्टी सोबत घ्या. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर नसेल तर ते कलम स्वस्त असलं तरी उचलू नका.